घरातला सगळ्यात स्वस्त दिवस कुणाचा?

एका वाचक आईचं पत्र, थोडक्यात आणि ओळख कळणार नाही अशा बेताने: दिंडोरी तालुक्यातलं गाव, घरी अडीच एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा. मोठी मुलगी आठवीत, शेजारच्या गावच्या अनुदानित हायस्कूलला एसटीने जाते. धाकटा मुलगा तिसरीत, पिंपळगावच्या इंग्लिश मीडियमला, त्याला व्हॅन लावलीय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं. "मुलगी हुशार आहे, सातवीला वर्गात तिसरी आली. बागेत काम निघालं, पाहुणे आले किंवा आजीला दवाखान्यात न्यायचं असलं की ती घरी राहते, महिन्यातून तीन-चार दिवस, सीझनला जरा जास्त. परवा तिच्या मॅडमचा फोन आला, हजेरी कमी आहे, गणितात मागे पडतेय, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावालाही नसते म्हणाल्या. मिस्टर म्हणतात ७५ टक्के भरली की झालं. २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती, तिसरी तर घरीच झाली, तरी काही अडलं नाही. पण आता तीच म्हणायला लागलीय, मम्मी मला नको वाटतं शाळेत जायला. ताई, मॅडम उगाच मोठं करतायत का खरंच काही बिघडलंय? आणि बागेचं काम सोडता येत नाही, मग आम्ही करायचं काय?"

ताई, आधी त्या फोनबद्दल बोलते. तो तुम्हाला टोचलाय हे पत्रात दिसतं, "आम्ही काय मुलीला शाळेतून काढतोय का" असं तुम्ही एका जागी लिहिलंयत. तसं कुणीच म्हणत नाहीये हो. ज्या बाईंच्या वर्गात पन्नास-साठ पोरं आहेत आणि त्यातल्या एकीचं नसणं त्यांना इतकं खुपलं की नंबर शोधून घरी फोन लावला, त्या बाई तुमच्या मुलीच्या बाजूच्या आहेत. मी पण बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातच गणित शिकवलंय, वस्तीवरच्या शाळेत पण आणि शहरात सिडको भागातल्या शाळेत पण, म्हणून सांगते, एवढ्या धावपळीत फोन त्याच मुलीच्या घरी जातो जिच्याकडून काहीतरी होईल असं वाटत असतं. मॅडम मोठं करत नाहीयेत. बिघडलंय का, तर हो, थोडं बिघडलंय, पण अजून हातातलं आहे.

आता तीन-चार दिवस महिन्याला हे ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून आपण ते एकदा वर्षाचं करून बघू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे, पहिली ते पाचवीला २००. जून ते एप्रिल साधारण दहा महिने धरा, म्हणजे तिचे तीस ते चाळीस दिवस गेले. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर हे पाच ते साडेसहा आठवडे होतात, दिवाळीची सुट्टी वेगळी, मेची वेगळी, आणि त्याच्यावर हे. अमेरिकेत शाळेचे दहा टक्के दिवस बुडाले की ते मूल काळजी करण्यासारखं धरतात, २२० चे दहा टक्के २२, म्हणजे महिन्याला दोनच्या आसपास. तुमची मुलगी त्याच्या बरीच पुढे गेलीय आणि घरात कुणाला तसं वाटलंच नाही, कारण आपण दिवस एकेक करून बघतो, त्या त्या दिवशी कारण खरंच असतं, आणि कुणी बेरीज करत नाही.

आणि ७५ टक्क्यांचं. मिस्टरांना सांगा की तो आकडा दहावी-बारावीला बोर्डाच्या परीक्षेला बसू द्यायचा की नाही यासाठी आहे, त्याच्या खाली गेलं की परीक्षेला बसण्याचीच पंचाईत होते. तेवढी हजेरी असली की शिक्षण नीट झालं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. २२० चे ७५ टक्के १६५, म्हणजे ५५ दिवस बुडाले तरी चालतील, नऊ आठवड्यांच्या वर! आठवीच्या पुस्तकातून सलग नऊ आठवडे काढून घेतले तर काय उरेल ते सांगा.

पण मला दिवसांच्या आकड्यापेक्षा ते दिवस कधी येतात याची जास्त काळजी वाटते. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल, बागेत तुम्ही दिवस छाटणीपासून मोजता, कितव्या दिवशी डिपिंग (घड औषधात बुडवणं), कितव्या दिवशी थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), आणि डिपिंगचा दिवस हुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट औषध मारून तो भरून काढू असं कुणी म्हणत नाही, घड त्या अवस्थेत असतो तेव्हाच ते करायचं असतं. वर्गातही असेच काही दिवस असतात. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरची, मग थिनिंग, घडांना पेपर लावणं, फेब्रुवारी-मार्चला द्राक्षांचा खुडा. नेमकं याच काळात आठवीच्या गणितात काय चालू असतं तर बहुपदींचा भागाकार, एका चलातील समीकरणं, त्रिकोणांची एकरूपता, चक्रवाढ व्याज. बहुपदींचा भागाकार यायला त्याच्या आधी विस्तार सूत्रं आणि अवयव यावे लागतात, ते पहिल्या सत्रात होतात. बेरीज पाच आणि गुणाकार सहा येईल अशा दोन संख्या शोधा, असं शिकवतो आम्ही अवयवांना. ज्या दिवशी हे फळ्यावर चालतं त्या दिवशी मूल नसलं तर नंतर मैत्रिणीच्या वहीतून ते उतरवून घेतं, उत्तरं सगळी बरोबर असतात, अक्षर छान असतं, आणि त्या दोन संख्या कुठून आल्या ते मात्र कळलेलं नसतं. ते न कळता नववी निघते कशीबशी, आणि दहावीला वर्गसमीकरणं आली की मुलगी म्हणते मला गणित जमतच नाही. तिला गणित जमतं, तिचे ते दोन-तीन दिवस तेवढे गेलेले असतात. माझ्याकडे दहावीत "मी गणितात ढ आहे" म्हणत आलेल्या पोरांना मागे मागे नेत गेलं की बहुतेक वेळा असाच एखादा टप्पा सापडायचा.

म्हणूनच "हुशार आहे, घरी भरून काढते" हे मला पूर्ण पटत नाही. हुशार मुलगी वही भरून काढते. इतिहास, भूगोल वाचून बऱ्यापैकी होतं हे मान्य. पण गणित, विज्ञानातले प्रयोग, इंग्रजी बोलणं, भाषेच्या तासाला कुणीतरी वेगळाच अर्थ सांगतो आणि त्यावर वर्गात वाद होतो, ते वहीत येतच नाही ना. आणि हुशार मुलांचं एक असतं, त्यांचं मागे पडणं उशिरा दिसतं. आधीच्या पुंजीवर ती एक-दोन वर्षं मार्क काढत राहतात, सगळ्यांना वाटतं ठीक चाललंय, आणि जेव्हा दिसतं तेव्हा ते एकदम दिसतं.

लॉकडाऊनबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी जरा थांबले, कारण मला त्यातून उलटंच दिसतं. जी मुलं मार्च २०२० ला दुसरीत होती त्यांची तिसरी मोबाईलवर गेली आणि चौथीही धड झाली नाही. हातच्याची वजाबाकी पक्की होणं, पाढे, मोठा भागाकार, अपूर्णांकाची सुरुवात, हे सगळं त्याच दोन-अडीच वर्षांतलं. तुमची मुलगी त्यातूनही वर्गात तिसरी आली म्हणजे मेहनती आहे यात शंकाच नाही, पण "तेव्हा अडलं नाही" हे आपल्याला कळलं कसं? तेव्हा तर सगळीच मुलं घरी होती, कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही, आणि परीक्षाही नेहमीसारख्या नव्हत्या. आता वर्ग पुढे चालतो आणि ही एकटी घरी असते, हा फरक फार मोठा आहे. त्यात अजून एक, राज्याने नियम बदललाय, २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी देतात आणि त्यातही नाही निघालं तर मूल त्याच वर्गात राहतं. तुमची मुलगी नापास होईल असं मी अजिबात म्हणत नाही, पण आठवीपर्यंत ढकलतातच असं धरून चालणारे पालक अजून खूप आहेत, म्हणून सांगितलं.

आता जे मला मनापासून विचारायचंय ते विचारते, रागावू नका. तुमचा मुलगा महिन्यातून किती दिवस घरी राहतो?

पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, "त्याची व्हॅन येते साडेसातला". त्याची फी भरलेली आहे, व्हॅनचे पैसे महिन्याचे ठरलेले आहेत, तो घरी राहिला तर पैसे वाया जातात हे डोळ्यांना दिसतं. मजुरांच्या टोळीचा दिवस वाया गेला तर पैसे जातात. फवारणीवाला ट्रॅक्टर दारात उभा असेल तर त्याचे पैसे. व्यापाऱ्याची गाडी यायचा दिवस तर हलवताच येत नाही. या सगळ्या दिवसांना किंमत आहे, आणि मुलीची शाळा फुकट, एसटीचा पास फुकट, पुस्तकं फुकट, म्हणून जेव्हा कुणाचा तरी दिवस मोडायची वेळ येते तेव्हा घरात सगळ्यात स्वस्त दिवस तिचाच निघतो. तुम्ही तिच्यावर कमी माया करता म्हणून हे होत नाही, हे मला पक्कं माहितीये, माया नसती तर एवढं लांब पत्र लिहिलं नसतंत. ते आपोआप होतं, कुणी बसून ठरवत नाही. पण मुलीला ते कळतं ताई. ती तेरा वर्षांची आहे, ती बघते की भावाची व्हॅन चुकली तर बाबा बाईक काढून सोडून येतात आणि तिची एसटी चुकली तर "जाऊ दे, आज राहा घरी". तुमच्या घरी असंच होत असेल असं नाही, पण बऱ्याच घरी होतं, तुमच्याकडे होतं का एवढं फक्त आठवून बघा.

तिच्या "नको वाटतं" कडे मी याच्यामुळेच वेगळ्या नजरेने बघते. शाळेचा कंटाळा आला असं आपण लगेच म्हणून टाकतो. जी मुलगी गेल्या वर्षी वर्गात तिसरी होती तिला एकदम कंटाळा कशाला येईल? चार दिवसांनी वर्गात गेलं की काय होतं ते बघा. बाकावरच्या जागेवर दुसरी कुणीतरी बसलेली असते. मैत्रिणी ज्यावर हसतायत ते हिला माहीत नसतं. ग्रुपमध्ये प्रकल्प वाटून झालेला असतो, हिच्या वाट्याला पुठ्ठा आणायचं काम. तासाला सर काहीतरी विचारतात आणि पहिल्यांदाच हात वर करता येत नाही. आणि एखादे सर सगळ्यांसमोर म्हणतात, काय गं, होतीस कुठे इतके दिवस? काय सांगणार, थिनिंग चालू होतं म्हणून? मग पुढच्या वेळी घरी राहायची वेळ आली की तिला आतून थोडं बरंच वाटतं, आणि परत जायचं आणखी अवघड होतं. असं करत करत मुलं सुटतात. मी ज्या मुली शाळेतून गळताना पाहिल्या त्यातली एकही "उद्यापासून शाळा बंद" असं ठरवून गेली नाही, आधी महिन्याला तीन दिवस, मग आठवडा, मग सहामाहीला नव्हती, मग कुणीतरी सांगितलं तिचं जमलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही पण लिहायला हवं, मुलगी सारखी घरी दिसायला लागली की नातेवाईक स्थळं सुचवायला लागतात. आणि शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे, नववीपासून कायद्याने कुणी मागे लागत नाही, तेव्हा तिला घरातून आणि तिच्या स्वतःच्या सवयीनेच टिकायचंय. ती सवय या वर्षी लागतेय किंवा मोडतेय.

तर आता करायचं काय. पहिली गोष्ट आज संध्याकाळीच करा, भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिला शेजारी घेऊन बसा, जूनपासून कोणत्या कोणत्या दिवशी घरी होती त्याच्यावर खूण करा, आठवेल तसं, आणि प्रत्येक खुणेशेजारी कारण. बाग, आजी, पाहुणे, एसटी चुकली, बरं नव्हतं. तिला बोलू द्या, तुम्ही कारण सांगत बसू नका. कधी कधी या खुणांमध्ये काहीतरी दिसतं जे एरवी दिसत नाही. दर महिन्याला त्याच सुमाराचे दोन दिवस असतील तर पाळीचा त्रास आहे का किंवा शाळेच्या बाथरूममध्ये पाणीच नसतं का हे विचारा, मुली हे आपणहून सांगत नाहीत. कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असायलाच हवं, नसेल किंवा कुलपात असेल तर ते सांगायला लाजू नका. पोटात फार दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, बाईच्या जातीला सोसायलाच लागतं म्हणून सोडून देऊ नका. ठराविक वारीच गैरहजेरी दिसली तर त्या दिवशी कोणता तास असतो, कुणी त्रास देतं का, एसटीत काही होतं का, ते हळूच काढून घ्या. तुमच्या पत्रावरून मला तरी बहुतेक खुणा बाग आणि आजीच्याच निघतील असं वाटतं, पण बघितल्याशिवाय धरून चालू नका.

दुसरं, घरातला हिशोब मिस्टरांबरोबर, आणि तो भांडणाच्या वेळी काढू नका, निवांत असताना काढा. डिसेंबर ते मार्च आजींजवळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कुणी बसायचं? मुलगी सोडून तीन नावं लिहा. गावातली एखादी वयस्कर बाई रोजाने, तुमची नणंद किंवा जाऊ आठवड्यातून एक दिवस, गर्दीच्या दिवसांत तुम्ही अर्धा दिवस घरी आणि बागेत एक बाई जास्तीची. त्याला पैसे लागतील, हो, अडीच एकरात पैसा कसा येतो आणि कसा जातो ते मला माहिती आहे, बाजार पडला तर औषधाचाही खर्च निघत नाही. तरी थिनिंगचा आणि पेपरचा खर्च जसा सीझनच्या आधी वहीत मांडता तसा हाही आधी मांडा, जास्तीत जास्त किती दिवसांचा रोज होतोय ते कागदावर येऊ दे. आकडा मनात असतो तोपर्यंत तो मोठाच वाटतो. आणि दवाखान्याची तारीख रविवारची किंवा शाळा सुटल्यावरची मिळते का ते विचारा, आपण विचारतच नाही.

मुलीने बागेत काहीच करू नये असं मी म्हणत नाही हं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना बाग कळायलाच हवी. बालमजुरीच्या कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनंतर घरच्या कामात मदत करायला मुभा आहे, पण शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी, असं त्यात स्पष्ट आहे. रविवारी मजुरांचा चहा तिने करावा, आणि भावानेही कप उचलावेत. संध्याकाळी मजुरांच्या हजेरीचा आणि उक्त्याचा हिशोब तिच्याकडून करून घ्या, सोसायटीच्या कर्जाचं व्याज तिला काढायला सांगा, चक्रवाढ व्याज तिच्या पुस्तकातच आहे.

एनएमएमएसचं मिस्टरांना कदाचित नीट माहीत नसेल. ही आठवीत द्यायची परीक्षा आहे, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं आणि सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. आपल्याकडे ती डिसेंबरमध्ये होते आणि त्यातला बुद्धिमत्तेचा पेपर घरी बसून एकटीने सुधारणं फार अवघड, तो सरावानेच सुधारतो आणि सराव शाळेत चालतो. मॅडमनी फोनवर एनएमएमएसचं नाव काढलं ते याच्यासाठी. फॉर्म भरलेला असेल तर परीक्षेपर्यंतचे जे दिवस उरलेत त्यातला एकही घरी घालवू नका. निवड नाही झाली तरी हरकत नाही, पण तिच्या शाळेच्या दिवसाचीही किंमत असते हे ज्यांना पैशातच कळतं त्यांना यातून कळेल.

कधीतरी घरी राहावंच लागेल, ताप येईल, घरात काही दुःखाचं होईल, ते होणारच. अशा वेळी त्याच संध्याकाळी मैत्रिणीला फोन करायचा आणि "काय काय लिहून दिलं" याच्याऐवजी "आज नवीन काय शिकवलं आणि तुला ते कसं समजलं" हे विचारायचं. जी मैत्रीण समजावून सांगेल तिचाही अभ्यास पक्का होतो. दुसऱ्या दिवशी जाताना वहीत आईच्या हाताची दोन ओळींची चिठ्ठी द्या, म्हणजे सगळ्यांसमोर उत्तर द्यायची वेळ तिच्यावर येत नाही. छोटी गोष्ट आहे पण मुलांना परत वर्गात पाऊल टाकताना तिचा फार आधार होतो. आणि एसटी चुकली तर त्या दिवशी कोण सोडणार हे आधीच ठरलेलं असू दे. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, हे ज्या वाचकांना माहीत नसेल त्यांनी शाळेत चौकशी करा.

"शाळेत तरी काय शिकवतात, निम्मे तास मोकळेच असतात" असं तुमच्या मिस्टरांनी म्हटलंय, त्यावरही बोलायला हवं कारण ते पूर्ण खोटं नाहीये. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ट्रेनिंग, ऑनलाईन माहिती भरणं, यात शिक्षकांचे दिवस जातात आणि तास मोकळे जातात, मला त्याचा मनस्ताप तेव्हाही व्हायचा. पण त्यावर उपाय म्हणून आपल्या मुलीला घरी ठेवलं तर मोकळा तास भरत नाही, तिचे भरलेले तास मात्र जातात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, हे कायद्यात आहे. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे ते विचारा, आणि पुढच्या वेळी निवड असेल तेव्हा तुम्ही स्वतः का उभ्या राहू नये? जी बाई अडीच एकराचा सीझन सांभाळते तिला मोकळ्या तासांचा जाब विचारायला जमेल.

आणखी एक, हे तुमच्या प्रश्नात नव्हतं पण सीझन आहे म्हणून राहवत नाही. सुरगाणा, पेठकडून ज्या टोळ्या तुमच्याकडे थिनिंगला, खुड्याला येतात त्यांच्यासोबत पोरं असतात, बागेच्या कडेला लहान भावंडाला घेऊन बसलेली एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी तुम्ही बघितली असेल. तिचे तर महिनेच्या महिने जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक असतं, मूळ शाळेतून ते घेऊन आलं की इथली शाळा त्याला वर्गात बसवते, आणि कागद नसले तरी प्रवेश नाकारता येत नाही. टोळी आली की पहिल्या दिवशी मुकादमाला विचारा, पोरं किती आणि कितवीत, आणि गावातल्या झेडपी शाळेच्या मास्तरांना एक फोन करा. बाकीचं शाळा बघते.

शहरातल्या वाचकांसाठीही थोडं. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या भागातून मला येणारी पत्रं वेगळी असतात, मुलगा नववी-दहावीत आहे, क्लासमध्ये सगळं होतं मग शाळेत कशाला वेळ घालवायचा, किंवा अकरावीला नावापुरतं ॲडमिशन घेऊन दिवसभर क्लासच करायचा. त्यांनाही मी हेच म्हणते, क्लास परीक्षेची तयारी करून घेतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसातले सहा तास वेगवेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर काढायला, न आवडणाऱ्या विषयालाही बसायला, चुकल्यावर सरांसमोर उभं राहायला क्लासमध्ये जागाच नसते. आणि हजेरीचा नियम तिथेही लागू आहे, कागदावर दाखवलेली हजेरी तपासणीत उघडी पडली तर भोगावं मुलालाच लागतं. ज्यांच्या लहान मुलांचं रोज सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, त्यांनी मुलाला खोटारडं म्हणू नका, पोट खरंच दुखत असतं, शाळेत काहीतरी आहे ज्याची भीती वाटतेय, ते शोधा. आणि ज्यांचं मूल मोठ्या आजारातून उठतंय त्यांनी हजेरीचं टेन्शन बाजूला ठेवा, आधी शरीर, शाळेशी बोलून ठेवा एवढंच.

ताई, उद्या मॅडमना परत फोन करा. "आमच्याकडून दिवस गेले, आता नाही जाणार" एवढंच पुरे, लांबलचक कारणं द्यायची गरज नाही. मग तीन गोष्टी विचारा. गणितात नक्की कुठल्या धड्यापासून अडतंय, अवयवांपासून की त्याच्याही आधी. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं कुणी तिच्याबरोबर बसू शकेल का, मॅडम किंवा वर्गातली एखादी मुलगी. आणि तिला परत तिच्या जुन्या बाकावर बसवता येईल का. शक्य असेल तर मिस्टरांना एकदा शाळेत घेऊन जा, मुलीच्या शाळेत वडील आलेले मुली वर्षभर लक्षात ठेवतात. मुलगी पहिले आठ-दहा दिवस कुरकुर करेल, तरी पाठवा, आणि संध्याकाळी मार्कांचं न विचारता आज कुणाशेजारी बसलीस ते विचारा. दोन आठवडे रोज जाऊनही तिला नकोच वाटत असेल, रडत असेल, जेवण कमी झालं असेल, तर मग कारण बाग नाहीये, दुसरं काहीतरी आहे, आणि तेव्हा मला लगेच परत लिहा, कॅलेंडरवरच्या खुणांसकट.